रिटर्न भाडं

आमचं घर केडगावात. समुद्र इथून इतका लांब की मासळी बर्फात गारठूनच येते. आणि मी पोटासाठी करते काय, तर जहाजं ठरवते. मुंबईतल्या एका दलालाच्या कचेरीचं काम, घरी बसून. सैन्याच्या गाड्या बेटांवर न्यायच्या असल्या की सरकारचं टेंडर निघतं. मग कुणाचं व्यापारी जहाज त्या दिवसांत मोकळं आहे, गाड्या चढवायचा त्याचा रॅम्प किती वजन पेलतो, हे मी शोधायचं आणि भाव काढून द्यायचा. सासरे पूर्वी कोल्हारहून कांद्याचा टेम्पो चालवायचे. त्यांच्या लेखी मी टेम्पोच लावून देते, फक्त बिनचाकांचा. मला ते पटतं.

कामाची अट एकच. कोणता माल, कुठं, कधी, हे घरातसुद्धा बोलायचं नाही. तसा कागद मी सही करून दिलेला. मी तोंडाची फटकळ, पण घरात कुणाला त्यात रसच नसल्यामुळे अट आपोआप पाळली जायची.

त्या वर्षी धाकटी जाऊ पोटुशी होती. पहिल्या वेळचं बाळ राहिलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे तिला फार जपत होतो. डॉक्टरीणबाईंनी सिझेरियनची तारीख दिली आणि उशीर करू नका असं बजावलं. पण दीर सैन्यात मेकॅनिक, त्याची रजा त्या तारखेनंतर दहा दिवसांनी सुरू होणार होती. जाऊ हट्टाला पेटली. तो आल्याशिवाय दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही म्हणाली.

त्याच आठवड्यात मी ठरवत असलेल्या जहाजाच्या मालाची यादी आली. त्यात एक क्रेनची गाडी होती, लांबीसकट. ती लांबी मला पाठ होती. पुढं जास्तीचा सांगाडा जोडलेली ती गाडी दीर स्वतः सांभाळायचा, आणि एवढी लांब गाडी दुसऱ्या कुणाकडे नाही हे दर रजेत ऐकवायचा. बंदर त्याच्या छावणीजवळचं, आणि माल चढवायचे दिवस नेमके त्याच्या रजेचे. दीर येणार नव्हता. त्याला स्वतःला हे कळलं होतं की नाही, देव जाणे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी चार दिवस खाल्ला. जाऊ समोर बसून मेथी निवडायची आणि दहा दिवसांनी काही बिघडत नाही हे मला पटवायची. मी आपली, डॉक्टरांचं ऐक, एवढंच घोकत राहायचे. तुम्हाला काय, तुमचा नवरा रोज घरी जेवतो, असंही ती एकदा म्हणाली. मला राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी मी, जाऊ आणि सासरे जेवत होतो. सासऱ्यांनी सहज विचारलं, "तुजं ते जहाज ठरलं का?"

"ठरलं, मामा."

"रिटर्न भाडं हाय का त्याला?"

टेम्पोवाल्याचा हा पहिला प्रश्न. येताना माल नसेल तर डिझेल अंगावर पडतं. मीही धंद्यातल्या माणसासारखं उत्तर दिलं, "नाही, एकेरीच. रिकामं येईल."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी काय सांगून बसले. म्हणजे गाड्या तिकडंच राहणार होत्या, आणि गाड्यांबरोबर माणसंही. आमच्या गाड्या धुऊन तयार ठेवल्यात, असं दिराने फोनवर वडिलांना सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. मी सैन्याच्याच गाड्यांसाठी जहाजं लावते हे त्यांना ठाऊक होतंच; त्यांनी दोन्ही जुळवलं. सासऱ्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग जाऊला म्हणाले, "पोरी, डॉक्टरीण म्हणती तीच तारीख घे. मी येतो संगं."

मला वाटलं, आता ही भांडणार. ती खाली मान घालून जेवत राहिली आणि बरं म्हणाली.

ठरल्या तारखेला मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. आणखी थांबला असतात तर, एवढं म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. दिराने त्याच संध्याकाळी वडिलांना फोन केला आणि रजा रद्द झाल्याचं सांगितलं.

दवाखान्यात बाळाला जाऊच्या कुशीत देताना मला राहवलं नाही. मला माहीत होतं गं, म्हणाले, आणि रडू लागले.

"मामा बोलले तवाच समजलं मला," ती म्हणाली. "मी मुद्दाम तुमच्या तोंडाकडं बगितलं न्हाई, ताई. बगितलं असतं तर तुमी सांगून टाकलं असतं."

खरंच, मी सांगितलं असतं.