तापीकाठच्या शाळेची तपासणी

नंदुरबार स्टेशनवर उतरलो, तेव्हा थंडीतले कोवळे ऊन पडले होते. तापीपलीकडच्या एका गावची शाळा तपासायची होती. तिथले मास्तर वर्गात अहिराणीच बोलतात, अशी गावच्या पाटलांची तक्रार होती. मास्तर कुचकामी ठरले, तर त्यांची नोकरी जाणार होती. ही बातमी मला न्यायला आलेल्या गाडीवानापर्यंत माझ्याआधीच पोचलेली!

"साहेब, मास्तरले काढाले उनात (आलात) का?" त्याने विचारले.

"बघायला आलोय," मी म्हणालो. त्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी थेट नदीवर नेऊन उभी केली.

होडीतून उतरताना पाय घसरला आणि या साहेबाचे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले. नावाडी हसला, मग मीही हसलो. समोर सातपुड्याची निळी रांग दिसत होती. फिरतीच्या नोकरीला लोक नावे ठेवतात, मला ती मनापासून आवडते.

पाटलांकडे कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), वांग्याचे भरीत आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या रत्नागिरीच्या जिभेला झोंबून डोळ्यांतून पाणी काढले, तरी मी दुसरी भाकरी मागितली.

पाटील म्हणाले, "पोरे घर जे बोलतस, तेच शाळामा बोलतस. मंग शाळा कसाले (कशाला)?"

प्रश्न रास्त होता.

शाळेत मी नकाशा टांगायला लावला, पाटलांच्या नातीला त्याच्याजवळ उभे केले आणि वर्गाकडे तोंड करून तिला विचारले, "तापी कुठे आहे?"

"आठे," ती मागून म्हणाली.

"किती ते नाही विचारले, बाळ."

"आठे!" ती ओरडलीच.

"अगं, आठ नव्हे, एकच!"

वर्ग खो खो हसू लागला. मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, आठे म्हणजे इथे." वळून पाहतो, तर पोरीचे बोट बरोबर तापीवर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मागे बसून मास्तरांचा पाठ ऐकला. एका मुलाने विचारले, "नदी समुद्राले मिळस, मंग आपलं पानी खारं कसं नई?" असा प्रश्न ज्या वर्गात येतो, तिथला मास्तर कुचकामी कसा? पण तास संपेपर्यंत कोणाच्या तोंडून मराठी वाक्य आले नाही. पाटीलही खोटे नव्हते.

संध्याकाळी मी मास्तरांना म्हणालो, "शिकवता झकास, पण मुलांना निम्म्या वाटेवर सोडता. समजले की तेच मराठीत बोलायला लावा."

"मराठीत विचारलं की गप्प होतात हो. गप्प वर्ग मला सोसत नाही."

"चुकू द्या. मला हसली, तशी एकमेकांना हसतील. पण बोलतील."

दुसऱ्या दिवशी पाटलांनाच वर्गात बसवले. आधी अहिराणीत बराच कलकलाट झाला. मग मास्तरांनी खूण केली आणि पाटलांची नात अडखळत म्हणाली, "तापी इथे आहे. ती समुद्राला मिळते." आणि लगेच आजोबांकडे वळून, "आबा, समजनं का?"

"समजनं वं माय, समजनं," पाटील म्हणाले. त्यांनी नातीला जवळ ओढले आणि मास्तर उगाच फळा पुसत राहिले. मला फार आनंद झाला.

धुळ्याला कचेरीत परतलो, तेव्हा माझ्या वरच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काय हो, मास्तर मराठीत शिकवतात की नाही?"

"मराठीपर्यंत नेतात, साहेब," मी म्हणालो. "निघतात मात्र मुलांच्या घरापासून."

मास्तर तिथेच राहिले.