रंगाखाली गेलेली पाटी

रिसालीच्या माधवीताई छोट्या कारखान्यांना विजेचे हिशेब करून देत. शॉर्टसर्किट झालं तर करंट किती उसळेल आणि ब्रेकर तो तोडू शकेल का, हे त्या आधीच काढून ठेवत. ट्रान्सफॉर्मरची आकडे कोरलेली पाटी स्वतः वाचल्याशिवाय मात्र आकडा मांडत नसत. वडील दुर्गला रेल्वेत होते. बघितल्याशिवाय मान डोलवायची नाही, हे त्यांच्याकडूनच आलेलं.

राजकुमारच्या रोलिंग मिलमध्ये बंद पडलेल्या कारखान्यातला एक ट्रान्सफॉर्मर आणून बसवला होता. कागद नव्हते, होती ती फक्त पाटी. विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो चालू करायचा होता. पूजेच्या सकाळी ताई पोचल्या, तर ट्रान्सफॉर्मर हिरवागार आणि पाटीही हिरवीगार.

"देवरावभाऊ, हे काय केलं?"

पॅनल सांभाळणारे म्हातारे देवराव खुशीत होते. "पूजेले तसंच गंजलेलं डबडं ठेवाव का बाई? पाटीवरही दोन हात मारले."

राजकुमार घाईत आला. "ताई, पाच टक्के इम्पिडन्स धरा न. साऱ्याईचं तेवढंच असते."

"साऱ्यांचं नसतं. चार निघालं तर?"

"एका टक्क्यानं काय बिघडते?"

"इम्पिडन्स म्हणजे आतला अडथळा. तो कमी, तर उसळी मोठी. करंट सव्वापट होतो. तुझा ब्रेकर पाचाला जेमतेम पुरतो."

"मले उद्या माल काढाचा आहे, ताई!"

ताईंनी थिनर मागितलं. स्वतःचीच रंगरंगोटी पुसताना देवरावांचा चेहरा पडला होता. शेवटी खोल कोरलेले आकडे उघडे पडले. ताईंनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. चार.

"नवा ब्रेकर येईपर्यंत चालू करायचं नाही," त्या म्हणाल्या.

राजकुमार फोन कानाला लावून, पुटपुटत बाहेर गेला.

देवरावांनी हळूच विचारलं, "बाई, उद्या खटका तर मीच मारनार होतो. मंग?"

"शॉर्टसर्किटचा फॉल्ट झाला नसता, तर काहीच नाही."

"अन् झाला असता तं?"

"ब्रेकर तुमच्या तोंडासमोर फुटला असता."

हळदकुंकू लावलेल्या पॅनलला देवरावांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. बाहेरून राजकुमारनं किल्ली मागितली, तर म्हणाले, "ब्रेकर येऊ द्या, मालक," आणि ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकून प्रसाद वाटायला गेले.