यल्लूआक्काच्या हातचं पाणी

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून निपाणीतल्या आमच्या घरात देव्हारासुद्धा नव्हता. आई तंबाखूच्या वखारीत कामाला आणि मी घरातला पहिला बी.एस्सी., तोही केमिस्ट्रीचा. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बेळगावहून खानापूरकडे निघालं की मच्छे लागतं. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा देणारा एक कारखाना होता, नाव लिहीत नाही. मी तिथं लॅबमध्ये होतो. मुलाम्याचं वापरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडत. ते जमिनीत मुरतंय का हे बघायला दर महिन्याला कंपाउंडमधल्या दोन बोअरचं आणि पलीकडच्या शेतातल्या विहिरीचं पाणी तपासायचं, रिपोर्ट सरकारी खात्याला पाठवायचा, हे माझं काम. टेस्ट साधी. पाण्यात ॲसिड आणि एक औषध घालायचं. क्रोमियम असेल तर पाणी जांभळं होतं, नसेल तर आहे तसंच राहतं.

विहीर यल्लूआक्काची. सत्तरीची विधवा बाई. मुलगा परशराम आमच्याच कारखान्यात, मुलाम्याच्या टाकीवर. त्या विहिरीवर सात घरं पाणी भरायची.

वर्षभर रिपोर्ट चांगले आले. मग एका उन्हाळ्यात, खोल बोअरचं पाणी स्वच्छच असताना, विहिरीची बाटली जांभळी झाली. खात्री करायला दुसऱ्या दिवशी परत गेलो. दोरी ओढताना माझा हात सोलवटला, तेव्हा आक्का म्हणाली, "हो बाजूला. तुला सवय न्हाय." तिनं बादली वर काढली, माझी बाटली भरून दिली.

ते पाणी स्वच्छ निघालं.

वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. तिसऱ्या दिवशी दोन बाटल्या घेतल्या. तीच दोरी, तीच बादली, पाच मिनिटांचं अंतर. माझी जांभळी, आक्काची स्वच्छ. आठवडाभर सगळं करून पाहिलं. बाटल्या ॲसिडनं धुतल्या, अदलाबदल केली, परशरामला काढायला लावलं, त्याच्या बायकोला लावलं. सगळ्यांचं जांभळं. फक्त आक्कानं ओढलेलं पाणी तसंच्या तसं.

मला सगळ्यात त्रास कशाचा झाला सांगू? एकाच्या हातानं पाणी बाटतं आणि दुसऱ्याच्या हातानं शुद्ध राहतं, या समजुतीपायी आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काय काय सोसलं. आणि ते आता माझ्याच टेस्ट ट्यूबमध्ये... पण जांभळी तर तिच्या पोटच्या पोराचीही झाली होती. जातीचा संबंध नव्हता. फक्त तो एक हात.

आक्काला सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"म्हंजे मी वडल्यालं प्यायला बरं हाय?"

"हो आक्का."

"मग मीच वडीन की."

दुसऱ्या दिवसापासून सातही घरांचं पाणी ती एकटी ओढू लागली. उजाडल्यापासून उन्हं तापेपर्यंत. तळहात फुटले, त्याला फडकी बांधली. परशराम म्हणायचा, "आई, पुरे गं." ती म्हणायची, "पोरं प्यायची हाईत न्हवं."

मॅनेजर साहेबांनाही मी सांगितलं. तीच माझी चूक. ते हसले नाहीत. म्हणाले, "विहिरीची मालकीण स्वतः सॅम्पल देते, त्यात गैर काय? यापुढं तिच्याच हातचं घ्या."

"साहेब, विहिरीत ते पाणी नाही."

"बाटलीत जे आहे तेवढं लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतोय का?"

म्हणत नव्हते. जवळजवळ दोन वर्षं मी लिहीत राहिलो — 'क्रोमियम आढळले नाही'. खड्डा चालूच होता. जांभळं लिहिलं असतं तर बंद झाला असता का? कदाचित नसताही झाला. पण मी लिहिलं नाही, एवढं खरं.

एकदा बाटली भरून देताना तिनं विचारलं, "अजून किती दिस वडायचं रं? खड्डा बुजवत्यात काय?"

"बघतो आक्का," मी म्हणालो.

पुढच्याच महिन्यात, सकाळी पाणी ओढता ओढता ती विहिरीच्या कठड्याशी खाली बसली आणि तिथंच गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी स्वतः सॅम्पल काढलं. इतकं गडद जांभळं पाणी मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते मात्र लिहिलं. सात घरं तेच पीत होती, दुसरं पाणी कुठलं आणणार? पोरांच्या अंगावर चट्टे उठले, गाभण जनावरं गाभडली. शेवटी लोकांनी तक्रार केली, सरकारी अधिकारी आले. टेबलावर माझी फाइल होती.

"तीन वर्षं स्वच्छ आणि एका महिन्यात एवढं?" त्यांनी मला विचारलं.

दारात परशराम उभा होता. मी सगळं सांगितलं, आक्काच्या हातासकट. अधिकाऱ्यांनी शांतपणे पेनचं टोपण लावलं. त्यांच्या लेखी, कामात गोंधळ घालणारा केमिस्ट होतो मी. निष्कर्ष निघाला — कारण अनिश्चित. विहीर बुजवली. खड्डा राहिला. सातही घरं एकेक करून उठून गेली.

नोकरी सोडून मी निपाणीत शाळेत शिकवायला लागलो. नंतर कितीतरी जाणत्या लोकांना विचारलं. हाताचा घाम, दोरीतला गंज, काय काय सांगितलं लोकांनी. दोरी तर सगळ्यांना एकच होती. मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटतही नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी निपाणी स्टँडवर परशराम भेटला. चहा प्यालो. कप खाली ठेवून तो म्हणाला, "सर, त्या रिपोर्टात आईचं नाव हुतं काय कुठं?"

नव्हतं. 'सॅम्पल कोणी काढले' या रकान्यात दर महिन्याला मी माझंच नाव लिहिलं होतं.