फैलाकावरची बोर

डायलिसिसच्या चार तासांत यम्मा डोळे मिटून घरी जायच्या. ऐंशीच्या पुढच्या कुवेती बाई. इथे सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना आम्ही नर्सेस 'यम्मा', म्हणजे आई, म्हणतो; त्या आम्हाला 'बिन्ती', म्हणजे लेक. त्यांचं घर फैलाका बेटावर. माझं अरबी मोडकंतोडकं, पण त्या इतक्या सावकाश बोलायच्या की ऐकता ऐकता मलाही गुंगी यायची. धक्क्यावरून निघायचं, शाळा, मग दवाखाना, उजवीकडे तिसरं घर, अंगणात कनार, म्हणजे आपली बोर. नव्वद सालच्या युद्धात इराकी सैनिकांनी अख्खं बेट रिकामं केलं, तेव्हापासून ती वस्ती ओसच राहिली. "एकदा बघायचंय," त्या म्हणायच्या. मुलगा नेत नसे. काय उरलंय तिथे, म्हणायचा.

थंडी सरताना आमची मराठी मंडळी बोटीने फैलाकाला सहलीला गेली. सगळे तिथल्या प्राचीन ग्रीक वस्तीचे दगड बघायला पळाले. मेलेल्या राजांशी मला काय देणंघेणं! मी गल्ल्यांत शिरले. पाय आपोआप वळत होते, माहेरी आल्यासारखे. घर सापडलं. भिंतींना गोळ्यांची भोकं, अर्धं छत खाली आलेलं, आणि अंगणात छपराहून उंच, फळांनी लगडलेली बोर.

आजारी माणसाला वाईट सांगायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. वडील गेले तेव्हाही मला "जरा बरं नाहीये, ये" असंच कळवलं होतं. म्हणून मी यम्मांना फक्त झाडाचा फोटो दाखवला.

त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"हे माझं घर नाही, बिन्ती. मी निघाले तेव्हा माझी बोर कमरेएवढी होती." मग तोंड फिरवून म्हणाल्या, "म्हणजे माझं घर गेलंच."

माझा शहाणपणा माझ्याच अंगाशी आला. मला स्वतःचा भयंकर राग आला. मी फोनमधले बाकीचे फोटोही दाखवले: छत, भिंती, उंबरा. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. निळ्या फरशीचा कोपरा उडालेला होता.

"हा माझ्याच हातून फुटला. खलबत्ता पडला होता," म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. गोळ्यांच्या भोकांबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग झाडाचा फोटो पुन्हा मागितला.

"इतकी वर्षं," त्यांनी विचारलं, "हिला पाणी कोणी घातलं?"