मैनेवर बसायचा परकर

रंगूबाई शिंपीण इंझोरीत कोणाला घाबरत नसे, आणि कापड हातात असलं की देवालाही नाही. गावातल्या अर्ध्या चोळ्या तिच्या हातच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी रोज उपकार बोलून दाखवायला सुरुवात केली तेव्हा कात्री आणि सुयांची डबी उचलून ती मारुतीच्या पाराजवळच्या खोलीत येऊन राहिली. तिला आकडे येत नसत. मापाला एक सुतळी होती, तीत ती गाठी मारी. कोणती गाठ कोणाच्या दंडाची आणि कोणती कोणाच्या कंबरेची, हे ती विसरलेली मी तरी पाहिली नाही. तोंड मात्र फटकळ. चोळी तंग झाली म्हणून कोणी आलं तर "चोळी हाय तेवढीच हाय, तूच वाढली," असं भर बाजारात ऐकवायची. माझा तिच्यावर फार जीव होता. अजून आहे.

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची. आमच्याकडे मैना नावाची घोडी होती आणि माझ्या वडिलांनी, मारोतरावांनी, तिला चाल शिकवली होती. चाल म्हणजे वर बसलेल्याच्या हातातला भरला पेला हिंदकळू नये अशी झपझप पावलं टाकायची, इशारा झाला की जागीच थांबायचं, सरळ रेषेत मागं सरायचं. पौषात मानोऱ्याला जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात चालीची चढाओढ, आणि स्वार बारा वर्षांच्या आतला. मास्तरांनी घरी येऊन जाहिरात वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं, 'स्वार नीटनेटक्या पोशाखात असावा.' त्या एका ओळीनं आमच्या घरात आठ दिवस धुमाकूळ घातला.

कारण मैना चालायची ती माझ्यासाठी. काकांचा जगदेव अकरा वर्षांचा होता, पण तो वर बसला की ती शेपटी हलवत नुसती उभी राही. शेतात जाता-येता मी परकर गुडघ्यापर्यंत खोचून तिच्यावर बसायची, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण मानोऱ्यात, चार गावच्या लोकांपुढं?

दौलतकाका म्हणाले, "तिले जगदेवची तुमान घाला, डोक्याले फेटा बांधा. कोन वळखते?"

माय उसळली. "उद्या सोयरीक घेऊन लोक येतीन, तवा काय सांगू? फेटेवाली पोट्टी हाय म्हनून?"

दोन दिवसांनी बाबांनी रंगूबाईला बोलावून घेतलं. "पोरगी पोरगीच दिसली पाह्यजे, अन् पाय दिसले नाई पाह्यजे. जमलं तं चंदा जाईन. नाई तं जगदेव बसन."

मी दाराआड उभी होते. मैनेवर जगदेव, या विचारानंच मला रडू फुटलं.

रंगूबाईनं आधी सोपं ते केलं. मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, मला उभं करून सुतळीनं मापलं आणि छोटासा कासोटा नेसवला. जमिनीवर मी झोकात दिसले. घोडीवर बसले तर लुगडं गुडघ्याच्या वर चढलं आणि निऱ्यांचा बोळा खोगिरावर आला. बाबांनी मान हलवली. जगदेव फिदीफिदी हसला. रंगूबाईचं तोंड लाल झालं, कारण तिचं काम आजवर कोणी नापसंत केलं नव्हतं.

"माहीच अक्कल गेली," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "उभं करून मापलं म्या तुले. तू काय तिच्यावर उभी राह्यनार हायेस? चढ परत."

मग तिनं मला घोडीवर बसवूनच माप घेतलं. कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच, आणि मैनेचं पोटसुद्धा. मैनेनं तेवढ्यात सुतळी चघळून पाहिली आणि एक शिवी खाल्ली. तीन दिवसांनी रंगूबाई निळा परकर घेऊन आली. उभं राहिलं तर घेरदार, काठाचा, कोणाही पोरीचा असतो तसा. पण आतून दोन पाय वेगळे आणि मध्ये पायजम्यासारखं मोठं आसन. घोडीवर बसलं की घेर दोन्ही बाजूंना घोट्यापर्यंत पडायचा. बाबा मैनेभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "जमलं." त्या दिवशी मी जेवलेच नाही आनंदानं.

आणि इथं मायनं घोळ घातला. वाऱ्यानं घेर उडू नये म्हणून तिनं आदल्या दिवशी परकराला दाट खळ दिली. आमच्याकडं खळ ज्वारीच्या पिठाची. दुसऱ्या कशाची असते हे आम्हाला माहीतही नव्हतं. आणि मैनेला चाल शिकवली होती ती ज्वारीच्या पिठाचे गोळे चारून.

मानोऱ्यात आमचा नंबर आठवा. मैना उभ्या उभ्या मान वळवून माझा गुडघा हुंगायला लागली. मग चाटायला लागली. मग काठच दातांत धरला. आधी आम्ही हसलो. मग मी तिला चार पावलं चालवून पाहिलं, तर ती तिसऱ्या पावलाला थांबली आणि परत गुडघ्याकडं वळली. बाबांनी लगाम ओढला, चुचकारलं, रागावले. काही उपयोग नाही. सहावा नंबर पुकारला गेला.

"जगदेव, तयार राह्य," बाबा म्हणाले.

आमच्याबरोबर आलेल्या रंगूबाईनं परकराचा काठ उचलून स्वतःच्या जिभेला लावला. "ज्वारी!" ती ओरडली. पुढच्या क्षणी तिनं मला खाली ओढलं, ढोरांच्या हौदापाशी नेलं आणि कंबरेइतक्या पाण्यात उभं केलं. पौषातलं पाणी. ती चोळत होती, मी कुडकुडत होते आणि माय दूर उभी राहून देवाचं नाव घेत होती.

बाहेर आले तेव्हा परकराची सगळी ऐट गेली होती. कापड पायांना चिकटलेलं, दोन पाय दोन बाजूंना उघड दिसणारे. माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "ही तं तुमान हाय!" हशा पिकला. बाबा आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. कोपरापर्यंत भिजलेली रंगूबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मारोतराव, पाय तं झाकले हायेत."

बाबांनी मला उचललं आणि स्वतःच्या हातानं मैनेवर ठेवलं. "बस. पानी गळते तं गळू दे."

मैना चालली. अशी चालली की माझा परकर वाळेपर्यंत चालत राहावं असं मला वाटलं. दुसरा नंबर आला. पहिला मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या सेवालालचा. तो माझ्यापेक्षा चांगला बसला होता, हे मी आज कबूल करते; पुढची दहा वर्षं केलं नव्हतं.

परतताना बाबा खुशीत होते. मैना बैलगाडीच्या मागं बांधलेली, आम्ही सगळे गाडीत. "रंगूबाई, लुगडं-चोळी, काय पाह्यजे ते माग," ते म्हणाले. नाला ओलांडल्यावर ती म्हणाली, "लुगडं नोको. मले एक डाव मैनेवर बसू द्या."

मायनं तोंडाला पदर लावला. बाबांनी गाडी थांबवली. पन्नाशीची रंगूबाई कासोटा आवळून चाकावर पाय देऊन चढली आणि तिनं दोन्ही हातांनी आयाळ धरली. बाबा लगाम धरून पुढं चालले. रंगूबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. नंबर मिळाला त्यापेक्षा मला तेव्हा जास्त आनंद झाला.

वेशीपाशी दिवे लागले होते, पारावर माणसं बसली होती. बाबा थांबले. "उतरतं काय रंगूबाई? लोक पाह्यतीन."

"पाहू द्या," ती म्हणाली, आणि दारापर्यंत तशीच गेली.