तात्यांच्या घराचं व्हॅल्युएशन

स्वतःच्या घराला नावं ठेवणारा घरमालक मी आयुष्यात एकच बघितला.

तात्या. आज सकाळी गेले.

मी सांगलीत व्हॅल्युअर आहे. लोक घरावर कर्ज मागतात, बँक मला पाठवते. मी टेप घेऊन घर मोजते, फोटो काढते आणि त्याची किंमत किती होते ते लिहून देते.

हे काम मला तात्यांनी शिकवलं. डिप्लोमा करून मी त्यांच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात गेले, तेव्हा मला वाटायचं लांबी गुणिले रुंदी केलं की झालं.

तात्या म्हणाले, "पोरी, मालक दाखवतोय ती भिंत बघू नगंस. त्यानं कपाट लावलंय ती बघ."

पुराची खूण लोक रंगाखाली झाकतात. तात्या रंगाकडे बघायचेच नाहीत. ते लाइटची बटणं बघायचे. पाणी येऊन गेलेल्या घरात माणसं बटणं पार डोक्याच्या उंचीवर नेऊन बसवतात. मालक छातीठोकपणे सांगायचा, "आमच्याकडं पानी न्हाई येत." तात्या हात वर करून पंखा लावायचे आणि नुसते हसायचे.

नंतर गाडीत बसल्यावर म्हणायचे, "त्याला हसू नगं. गरज असती माणसाला."

मग तात्यांचं लिव्हर गेलं.

पुण्याला मोठं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांची मुलगी साताऱ्यात शिक्षिका आहे. तिच्या पगारावर कर्ज काढायचं आणि तात्यांचं घर तारण ठेवायचं, असं तिनं आणि काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, ठरवलं. तात्यांना ते अजिबात पसंत नव्हतं.

बँकेनं नेमकं मलाच पाठवलं. मी मॅनेजरना सांगितलं, मी त्यांच्याच हाताखाली शिकलेय, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ते म्हणाले, "मलकापूरचे एक व्हॅल्युअर पण जाऊन येतायत. दोन्ही रिपोर्ट ताडून बघू. तुम्ही या जाऊन."

गेले.

तात्या दारातच उभे. डोळे पिवळेजर्द, पाय सुजलेले, पण अंगात इस्त्रीचा शर्ट. साइट व्हिजिटला निघताना घालायचे तसा.

"या मॅडम," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडम.

आणि मला घर दाखवायला लागले.

"ही भेग बघा. फोटो घ्या. लांबनं नको, जवळनं."

मागून काकू आल्या. "आवं, ती गिलाव्याची भेग हाय. भिंतीला कायबी झालेलं न्हाई."

"मोरीत ओल हाय."

"व्हती. मागच्या सालीच दुरुस्त केली न्हवं?"

तात्यांनी कपाट स्वतः ओढलं. मी नको नको म्हणत होते. त्यांना धाप लागली, पण मागची मातकट रेघ त्यांनी बोटानं दाखवली. "हे लिवा. दोनदा पुराचं पाणी आलंय."

"आलं आन गेलंबी," काकू म्हणाल्या. "घर हाललं का? तुमीच बांधलंय न्हवं?"



काकूंनी मला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. तांब्याभर पाणी हातात दिलं. "आमच्या हिरीचं हाय. पिऊन बघ. उन्हाळ्यातबी आटत न्हाई. हे लिही तू."

मला हसू येत होतं आणि रडूही. नवरा घराची किंमत पाडतोय, बायको चढवतेय, आणि मधे मी टेप धरून उभी.

शेवटी तात्या पायरीवर बसले. मॅडम वगैरे विसरून गेले.

"पोरी, कमी लिही गं. मी वाचतोय का न्हाई ते डॉक्टरबी सांगत न्हाई. हिच्या डोक्यावर छप्पर ऱ्हायला पायजे."

काकूंनी ऐकलं.

"आन मी काय छपरासंगं बोलत बसू?"

मी टेप गुंडाळली आणि निघाले.

रिपोर्टमध्ये जे होतं ते लिहिलं. भेग लिहिली, रेघ लिहिली. विहिरीचं पाणी लिहिलं, आणि बांधकाम भक्कम आहे तेही लिहिलं. मलकापूरच्या माणसाचा रिपोर्ट माझ्याशी जवळजवळ जुळला. कर्ज मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. वाटलं, आता रागावणार.

"भक्कम लिवलंस व्हय गं?"

"भक्कमच आहे, तात्या."

मग म्हणाले, "बरं. कर्जाच्या कागदावर सही करतो."

केली. पुण्याची तारीख मिळाली. काकूंनी बॅगही भरली.

त्या तारखेपर्यंत तात्या राहिले नाहीत.

दुपारी माणसं स्मशानातून परतली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बँकेत सांग, आता पैसं नगंत. घर मोकळं ऱ्हायलं बघ. त्यांच्या मनासारकं झालं."

मी त्यांचा हात धरला.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, अगदी साध्या आवाजात, "पोरी, घराचं वय झालं की तुमी घसारा म्हनून किंमत कमी धरता. घरातलं मानूस गेलं तर किती कमी धरता गं?"

मी तिथंच त्यांच्याशेजारी बसून राहिले. खूप रडले.

तात्या, पोरीचा हा शेवटचा नमस्कार. सावकाश जा.