दाई नाही, आई म्हण

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या मराठी घरांत एकही पोर धड जन्माला आलेलं नव्हतं. प्रत्येकाला कुठून ना कुठून आणलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मोठा मुलगा भांडेवालीकडून, जुन्या कपड्यांच्या बदल्यात. भांडेवाली खरं तर बादली देत होती, पण बादलीला भोक निघालं, म्हणून मग पोरगा घेतला. त्याची बहीण दुर्गच्या फलाटावर बाकाखाली सापडली. समोरच्या क्वार्टरमधला गोरापान मुलगा अहिवाऱ्याकडच्या चुन्याच्या खाणीतून निघाला होता, आणि तो न्हाताना पाणी पांढरं होतं असं त्याची आई शपथेवर सांगायची. विदर्भाकडची माणसं, लेकराला जवळ घ्यायचं तर आधी रडवतात. पोरं रडायची, आया हसत त्यांना पोटाशी धरायच्या, की झालं.

मला मात्र कुणी कुठून आणलं नव्हतं. मी आईच्या पोटातून आले होते. हे ती इतक्या वेळा आणि इतक्या ठासून सांगायची की मला त्याचा कंटाळा आला होता. पोटातून तर गायीची वासरंही येतात. इतरांना खाणी, फलाट, बाजार, आणि मला नुसतं पोट! आपल्यावर अन्याय होतोय अशी माझी सातव्या वर्षीच खात्री पटली होती, आणि एकदा खात्री पटली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. माझे बाबा तेवढे अपवाद, तेही रविवारी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका जमल्या होत्या. नुकत्याच भिलाईत आलेल्या एका काकूंनी रीतीप्रमाणे माझा गाल ओढला आणि विचारलं, "काय गं पोट्टे, तुले कुठून आणलं तुह्या आईनं?" मी कान टवकारले. म्हटलं, चला, एकदाचा आपला नंबर लागला. पण सगळ्या बायका एकदम आपापल्या हातातल्या वाणाकडे बघायला लागल्या. वरच्या काकूंनी त्या काकूंना कोपरानं ढोसलं. आई आत निघून गेली. तोंडात तिळगूळ असूनही कुणाला गोड काही बोलायला सुचेना.

बायका गेल्यावर मी आईचा पदर धरला. "साऱ्याइले सांगता, मग मले कावून नाही सांगत कुठून आणलं तं?"

"कुठून म्हंजे? तू माह्या पोटातून आली."

"खोटं."

"गप बस. जा, हात धू."

हात धुण्याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. पण आईला अडचण झाली की ती मला हात धुवायला पाठवायची, त्यामुळे लहानपणी माझ्याइतके स्वच्छ हात अख्ख्या सेक्टरमध्ये कुणाचे नव्हते.

मोठ्यांना जमत नसेल तर आपणच करावं म्हणून मी माझी गोष्ट तयार केली. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि मैदानावर हिंदी, म्हणून गोष्टही हिंदीत झाली. मुझे मालगाडी से उतारा था. सगळ्या डब्यांत चुन्याचे दगड, एका डब्यात मी. प्लांटमध्ये डबे उलटे करून रिकामे करतात तिथे बाबांनी मला वरचेवर झेललं. खाणीतला मुलगा जळून कोळसा झाला. दोन दिवस मी मैदानाची राणी होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मल्याळी घरातली मुलगी आमच्या दारात आली आणि तिनं आईलाच विचारलं, "आंटी, सच में इसको बाहर से लाए थे?"

आईनं दाराची चौकट धरली. तिला वाटलं, कुणीतरी मला सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आपली थाप मारली होती आणि थाप नेमकी खऱ्याला जाऊन भिडली होती. त्या संध्याकाळी बाबा प्लांटमधून आले तेव्हा आई चहाही न देता त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. दार बंद होतं, पण प्लांटच्या क्वार्टरची दारं काय ती. मला आईचं एवढंच स्पष्ट ऐकू आलं, "तिले समजलं तं माही राहीन काय ते?"

आईला तीच भीती होती. मला माझी गोष्ट हवी होती, आणि ती सांगितली तर मी तिची उरणार नाही असं तिला वाटत होतं.

सांगायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. बाबा इंजिनिअर, त्यामुळे त्यांनी पार खाणीपासून सुरुवात केली. म्हणाले, "हे पाय बेटा, लोहखनिज कुठून येते? राजहऱ्याच्या खाणीतून. भिलाईत निघते काय? नाही. पण इथं त्याचं पोलाद होते, मग त्याले आपण काय म्हणतो? भिलाईचं पोलाद. बरोबर?"

मी म्हटलं बरोबर.

"मग तसंच तुहं आहे."

मी पुष्कळ विचार केला. मग विचारलं, "मले गंज लागन काय?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि आईकडे बघितलं. आईला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "तुमी उठा. तुमच्यानं होत नाही. मीच सांगतो." वऱ्हाडातली बाई 'सांगते' नाही, 'सांगतो'च म्हणते.

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगू लागली. रायपूरला एक आश्रम होता, तिथून त्यांनी मला आणलं. मी दीड वर्षाची होते. गाडीत मी बाबांच्या खिशातला पेन सोडायला तयार नव्हते आणि भिलाई येईपर्यंत बाबांची पँट भिजवून टाकली होती. माझ्या डोक्याला खरूज होती. पहिले काही दिवस मी झोपताना भात मुठीत धरून झोपायचे, कुणी काढून घेऊ नये म्हणून.

भाताचं सांगताना ती थांबली. मी म्हटलं, "अजून."

मला खरं सांगायचं तर दुःखबिख काही झालं नाही. मला आनंद झाला होता. माझी गोष्ट भांडेवालीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली होती, आणि त्यात बाबांची पँट होती. मग मी विचारलं, "मग मी कोणाच्या पोटातून आली?"

"मले माहीत नाही बेटा."

"तिनं मले कावून देऊन टाकलं?"

"तेही माहीत नाही. आश्रमवाल्याइलेही माहीत नव्हतं. माहीत असतं तं सांगितलं असतं." ह्या वेळी तिनं मला हात धुवायला पाठवलं नाही. उलट ती बराच वेळ माझे हात आपल्या हातात धरून बसली, आणि मग म्हणाली, "एक गोष्ट सांगायची राहिली. हसू नको."

झालं होतं असं. घरी आल्याच्या पहिल्या दिवशी आईनं मला कडेवर घेतलं, तर मी तिच्याकडे बघून म्हणाले, "दाई." आई खट्टू झाली. आपल्या मराठीत दाई म्हणजे बाळंतपणाला येणारी, नाहीतर पोर सांभाळायला ठेवलेली बाई. आई अमरावतीची, लग्न होऊन भिलाईत आलेली. इथे शेजारी मल्याळी, बंगाली, पंजाबी, सगळ्यांशी हिंदी. ज्यांच्या गावात आपण राहतो त्यांची भाषा सोडून इतर सगळ्या भाषा कानावर पडायच्या, अशी आमच्या सेक्टरची तऱ्हा. तिला वाटलं, एवढुशा पोरीलाही समजतं की ही आपली आई नाही, सांभाळणारी आहे. मग तिनं चंगच बांधला. मी 'दाई' म्हटलं की ती म्हणायची, "दाई नाही, आई म्हण." म्हटल्याशिवाय दुधाची वाटी पुढे येत नसे. महिन्याभरात मी शिकले.

त्यानंतर ती एकदा बाजारात गेली. तिथे एक लहान मुलगी भाजी घेणाऱ्या एका बाईच्या लुगड्याला लोंबकळून रडत होती, "दाई वो, ए दाई वो!" त्या बाईनं तिला उचललं, नाक पुसलं, पापा घेतला. आई बघत राहिली. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई.

"तू पहिल्याच दिवशी मले आई म्हणाली होती," आई म्हणाली, "आन् म्याच तुह्या तोंडातून तो शब्द काढला. मंग घरी आली, तुले मांडीवर घेतलं, दिवसभर विनवलं, म्हण दाई, एक डाव म्हण. तं तू मुंडी हलवून म्हणे, आई. इतकी पक्की शिकली होती."

बाबा दाराशी उभे होते.

मी विचारलं, "पण मले दाई म्हणायले कोणी शिकवलं?"

"कोणीतरी असन. लेकराले शब्द वाऱ्यावर सापडत नाही. आश्रमातली बाई असन, नाहीतर तुही माय असन." माय हा शब्द तिनं माझ्यासमोर दुसऱ्या कुणासाठी कधी वापरला नव्हता. "तू तवा मले हाक मारून राहिली होती का तिले शोधून राहिली होती, हे मले आजही समजलं नाही."

मलाही काय समजणार? मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आजही नाही आठवत. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि स्वयंपाक उशिरा झाला.

पुढच्या रविवारी मी मागच्या अंगणात डोक्यावरून न्हात होते. डोळ्यांत शिकेकाई गेली. टॉवेल आत राहिला होता. मी डोळे गच्च मिटले, मनाचा हिय्या केला आणि जोरात हाक मारली, "दाई वो!"

"ओ! आली नं बाप्पा!" स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, पावलं आली आणि दारापाशी थांबली. माझे डोळे मिटलेले, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. मग डोक्यावर टॉवेल पडला, आणि ती माझे केस इतक्या जोरानं पुसायला लागली की माझी मान गदगदा हलत होती.

"तवा दिवसभर विनवलं तं नाही बोलली," ती म्हणाली, "आन् आता बोलते काय गं पोट्टे!"